राहतं घर हयातीतच मुलांच्या नावावर? यूकेतल्या मंडळींनी मत द्या

हॅरोची_चाळ
नमस्कार मंडळी. आमच्याकडे सध्या एकच विषय आहे आणि त्यावरून दर रविवारी जेवताना ताटं आपटली जातात, म्हणून इथे काडी टाकतेय. आईबाबा दोघंही सत्तरीच्या पुढे, हॅरोत तीन बेडरूमचं सेमी (एका बाजूने शेजाऱ्याला जोडलेलं घर), मॉर्गेज कधीच फिटलंय, आजची किंमत साधारण साडेसहा लाख पाउंड. बँक आणि आयसा (करमुक्त बचत खातं) मिळून १ लाख २० हजार. धाकटा भाऊ आणि त्याचा एक 'सगळं माहीत असलेला' मित्र म्हणतायत की घर आत्ताच आम्हा दोघांच्या नावावर करून टाका, त्यानंतर सात वर्षं काढली की वारसा-टॅक्स शून्य आणि उद्या केअर होमची वेळ आली तरी काउन्सिल (इथली पालिका) खर्चापोटी घराला हात लावू शकत नाही. बाबा अर्धे तयार झालेत. आई काहीच बोलत नाहीये, जे आमच्या घरात चांगलं लक्षण नाही.

माझं मत: राहतं घर हयातीत मुलांच्या नावावर करू नये. माझ्या नावावरही नको.

मुळात टॅक्स लागतोच कुठे? माणशी ३ लाख २५ हजारांपर्यंत इन्हेरिटन्स टॅक्स (मेल्यावर मागे राहिलेल्या मालमत्तेवरचा कर) नाही, राहतं घर पोटच्या मुलांना जात असेल तर वर १ लाख ७५ हजार. नवऱ्याकडून बायकोला किंवा उलट गेलं तर काहीच नाही, आणि पहिल्याची न वापरलेली सूट दुसऱ्याला मिळते. म्हणजे दोघांचे मिळून १० लाख. आमचं सगळं मिळून होतंय ७ लाख ७०. वाचवायचं काय नक्की?

आणि सात वर्षांचं म्हणाल तर, घर देऊन त्याच घरात फुकट राहिलात की एचएमआरसी (इथलं कर खातं) ते दान मानतच नाही, सात काय सतरा वर्षं झाली तरी घर त्यांच्याच इस्टेटीत धरतात. हा नियम १९८६ पासून आहे. सुटायचं तर आईबाबांनी आम्हाला बाजारभावाने भाडं द्यायचं. म्हणजे ज्या घराचे हप्ते बाबांनी २५ वर्षं भरले त्याचं भाडं ते महिन्याच्या महिन्याला मला पाठवणार, आणि त्यावर मी इन्कम टॅक्स भरणार. वा!

स्लाऊचा_सदू
ताई, हिशोब बरोबर असेल पण खरी भीती टॅक्सची नाहीच आहे, केअर होमची आहे. आमच्या काकूंचं सांगतो. डिमेन्शिया झाला, काका आधीच गेलेले, साडेचार वर्षं होममध्ये होत्या, आठवड्याला हजारच्या वर बिल. इंग्लंडात तुमच्याकडे २३,२५० पाउंडांच्या वर काही असलं की सगळा खर्च तुमचा, हा आकडा २०१० पासून हललेला नाही आणि एकट्या माणसाचं घर त्यात धरतात. माणशी केअरच्या खर्चावर ८६ हजारांची कॅप (कमाल मर्यादा) आणणार होते ती २०२४ मध्ये नव्या सरकारने आल्या आल्या रद्द केली. शेवटी घर विकलं. शेजारच्या खोलीतल्या बाईंनी आयुष्यभर काही साठवलं नाही, त्यांना तीच खोली, तेच जेवण, काउन्सिलच्या पैशाने. मग आमच्या काकांनी डबल शिफ्ट करून काय मिळवलं सांगा? लोक वेडे नाहीयेत घर मुलांच्या नावावर करायला.

आकडेमोड्या
मी इथे अकाउंट्सचंच काम करतो, पण हा सल्ला नव्हे, गप्पा समजा.
सदूभाऊ, चीड समजते, पण उपाय चालत नाही. सात वर्षं हा एचएमआरसीचा नियम आहे, काउन्सिलचा नाही. काउन्सिलला अशी काही मुदतच नाही. केअरचा खर्च टाळायला मालमत्ता काढून टाकली असं त्यांना वाटलं तर ते घर अजून तुमचंच आहे असं धरून बिल लावू शकतात. माणूस धडधाकट असताना, दुसऱ्या कारणाने दिलं असेल तर वेगळं. पण पंच्याहत्तरीत, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर, 'केअर होमपासून वाचवा' असा ईमेल सॉलिसिटरला पाठवून घर नावावर केलंत तर हेतू सिद्ध करायला त्यांना फार धावपळ करावी लागणार नाही.
दुसरं, ज्याचा विचार कोणी करत नाही तो कॅपिटल गेन्स, म्हणजे विकताना वाढलेल्या किमतीवरचा कर. आईबाबांच्या नावावर घर असताना ते गेले तर मुलांना ते त्या दिवसाच्या भावाने मिळतं, आधीची वाढ माफ. आज साडेसहाला बक्षीस दिलं आणि बारा वर्षांनी साडेआठला विकलं तर मधल्या दोन लाखांवर १८ नाहीतर २४ टक्के तुमच्या डोक्यावर, कारण तुम्ही तिथे राहतच नव्हतात. आणि आईबाबा तिथेच राहत होते म्हणून इन्हेरिटन्स टॅक्सलाही घर मोजलं जाणारच. दोन्हीकडून मार.
शिवाय भाऊ अजून भाड्याने राहत असेल तर पहिलं घर घेणाऱ्याची स्टॅम्प ड्युटीची सवलत त्याची गेली, वर दुसरं घर म्हणून ५ टक्के जादा.

स्लाऊचा_सदू
तुम्ही अकाउंटंट लोक सगळीकडे दारं बंदच करता राव. मग हातावर हात ठेवून बसायचं?

आकडेमोड्या
नाही. विल बदला. घर दोघांच्या सामाईक नावावर असतं तेव्हा एक गेला की सगळं आपोआप दुसऱ्याचं होतं. त्याऐवजी अर्धा-अर्धा वेगळा हिस्सा करून लँड रजिस्ट्रीत नोंदवता येतो. मग दोघांच्या विलमध्ये असं लिहायचं की माझा अर्धा हिस्सा ट्रस्टमध्ये, जोडीदाराला मरेपर्यंत राहायचा हक्क, नंतर मुलांना. उद्या मागे राहिलेल्याला होममध्ये जावं लागलं तरी काउन्सिल त्याचाच अर्धा मोजणार, गेलेल्याचा नाही. तो जोडीदाराचा हक्क असल्याने टॅक्सची सूटही राहते. आणि दोघंही घराचे मालक राहतात, मुलांच्या मेहेरबानीवर नाही. तुमच्या काकाकाकूंनी एवढं केलं असतं तरी निम्मं वाचलं असतं.

मिल्टन_किन्सचा_बोका
मी जरा उलटं बोलतो. धागाकर्तीचं 'हयातीत नको' हे घराबाबत ठीक, पण ही आपली मराठी सवय फार वाईट आहे की सगळं शेवटपर्यंत मुठीत धरायचं. माझे सासरे ९१ व्या वर्षी गेले, बायकोला पैसे मिळाले तेव्हा ती ६२ ची. तिचं मॉर्गेज फिटलेलं, मुलं मोठी झालेली. काय करणार होती ती त्या पैशाचं? तेच चाळीस हजार ३२ व्या वर्षी डिपॉझिट म्हणून मिळाले असते तर दहा वर्षं भाडं भरलं नसतं. घर नका देऊ, पैसे द्या, आत्ता द्या. वर्षाला ३ हजार कुठल्याही भानगडीशिवाय देता येतात, गेल्या वर्षीचे राहिले असतील तर तेही. स्वतःच्या मुलीच्या किंवा मुलाच्या लग्नात ५ हजार. आणि पेन्शनमधून खर्च भागून दर महिन्याला उरतं ते नियमित देत राहिलात तर त्याला सात वर्षांचीही अट नाही. फक्त लिहून ठेवा! मृत्यूनंतरच्या फॉर्मच्या संचात ४०३ नंबरचा एक फॉर्म असतो, त्यात वर्षवार उत्पन्न किती, गॅस-वीज किती, काउन्सिल टॅक्स किती, सुट्टीवर किती असं कोष्टक भरायचं असतं. ते भरायला मेलेला माणूस येत नाही. आमच्या सासऱ्यांची दूधवाल्यापासून सगळ्याची वही होती म्हणून निभावलं.

हॅरोची_चाळ
बोकोबा हे पटलं. भावाला खरंतर डिपॉझिटच हवंय, तो थेट बोलत नाही एवढंच. पण बँकेला पत्र द्यावं लागतं ना, की हे कर्ज नाही, बक्षीस आहे, आणि त्या घरावर आमचा काही हक्क नाही? बाबा त्यालाच बिचकतायत. उद्या त्याचा घटस्फोट झाला तर?

मिल्टन_किन्सचा_बोका
हो, लागतं पत्र. आणि घटस्फोट झाला तर त्यातले अर्धे जातील असं समजूनच द्यायचे. पण चाळीस हजारांचे अर्धे जाणं वेगळं आणि आईबाबा राहतात ते घरच कोर्टाच्या हिशोबात ओढलं जाणं वेगळं.

लेस्टरची_मावशी
सगळे टॅक्सवर तुटून पडलात, मला वेगळंच दिसतंय. 'आम्हा दोघांच्या नावावर' म्हणतेस ते तुझं नशीब. आमच्या ओळखीतल्या तीन घरांत फक्त मुलांच्या नावावर झालंय, मुलींना 'तुमचं लग्न केलं ना' म्हणून गप्प केलंय आणि आईला तर विचारतही नाहीत. इंग्लंडात विलमध्ये कोणालाही काही न देण्याचं स्वातंत्र्य आहे हे आपल्या लोकांना फार लवकर कळतं. पण १९७५ चा एक कायदा आहे, बायको, मुलं, अवलंबून असलेली माणसं कोर्टात जाऊ शकतात, प्रोबेट (विलला कोर्टाची मंजुरी) मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. २०२३ मध्ये हायकोर्टात एका ८३ वर्षांच्या पंजाबी आजींचा निकाल लागला. ६६ वर्षांचा संसार, नवऱ्याच्या कपड्यांच्या धंद्यात राबल्या, आणि विलमध्ये सगळं दोन मुलग्यांना, हिला शून्य. कारण काय, तर इस्टेट पुरुषांच्या वंशात राहावी. कोर्टाने आजींना निम्मं दिलं. पण तोपर्यंत त्या बाई सरकारी बेनिफिट्सवर दिवस काढत होत्या. आता हाच माणूस विल न करता जिवंतपणी घर मुलग्यांच्या नावावर करून गेला असता तर आजींना भांडणं कितीतरी अवघड झालं असतं. म्हणून सांगते, तुझी आई गप्प का आहे ते आधी विचार.

करसमर्थक
मावशींना दंडवत. बाकी माझं मत कोणाला आवडणार नाही. शंभरातले चार-पाचच लोक हा टॅक्स भरतात आणि तो टाळायला उरलेले पंच्याण्णव आपलं राहतं घर धोक्यात घालतात. हॅरोतलं घर १९९५ साली लाखाच्या आतबाहेर मिळत होतं, साडेपाच लाखांची वाढ कोणाच्या घामाची? आणि केअरचं म्हणाल तर स्वतःच्या म्हातारपणाला स्वतःचं घर विकून चांगलं होम घेतलं यात अन्याय काय? पैसा त्यासाठीच साठवला ना?

स्लाऊचा_सदू
घाम आमच्या काकांचा होता साहेब, हीथ्रोला रात्रपाळीचा. तुम्ही बहुतेक भाड्याने राहता.

करसमर्थक
राहतो. म्हणूनच दिसतं.

बर्कशायरकर
भांडण थांबवून एक महत्त्वाचं. ताई, वडिलांचा खाजगी पेन्शन पॉट (पेन्शनसाठी साठवलेली रक्कम) आहे का? असेल तर १० लाखांचा हिशोब परत करा. आत्तापर्यंत न काढलेली पेन्शन इस्टेटीत मोजत नव्हते, ६ एप्रिल २०२७ पासून मोजणार. समजा पॉट ४ लाखांचा, तर तुमचे ७ लाख ७० चे ११ लाख ७० होतात आणि वरच्या १ लाख ७० वर ४० टक्के म्हणजे ६८ हजार. अनेक जण आजवर आयसा खर्च करून पेन्शन तशीच ठेवत होते, त्यांना आता उलटं करावं लागणार.
आणि भारतात काही आहे का?

हॅरोची_चाळ
पेन्शन कंपनीची आहे, महिन्याला येते, पॉट नाही. भारतात डोंबिवलीला वन बीएचके आहे, आजोबांच्या वेळचा. तो पण धरतात??

बर्कशायरकर
एप्रिल २०२५ पासून डोमिसाइलचा (कायमचं घर मानलेला देश) निकष गेला, आता मागच्या २० पैकी १० वर्षं इथे राहिलेला माणूस असेल तर जगभरातलं सगळं. डोंबिवलीसकट. भारताने इस्टेट ड्युटी १९८५ मध्येच बंद केली, पण १९५६ चा भारत-ब्रिटन करार अजून चालू आहे. त्याचा फायदा मिळायला माणसाचं डोमिसाइल भारतीय कायद्याने भारतातलं ठरावं लागतं आणि तिकडची मालमत्ता इथल्या विलखाली जाता कामा नये. चाळीस वर्षं हॅरोत घालवलेल्याला ते ठरवणं कठीण आहे. तरी तुमचे १० लाख पुरतायत त्यामुळे घाबरू नका. डोंबिवलीसाठी भारतात वेगळं मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार घेऊन, आणि इथला सॉलिसिटर जे पहिलंच वाक्य टाकतो ना, 'याआधीची सर्व विल्स रद्द', ते 'फक्त भारताबाहेरच्या मालमत्तेपुरतं' असं करून घ्या. नाहीतर इथे सही केली की तिकडचं मृत्युपत्र गेलं केराच्या टोपलीत. सोसायटीत नॉमिनी लावलाय म्हणून निवांत राहू नका, नॉमिनी मालक नसतो.

लेस्टरची_मावशी
आणि लास्टिंग पॉवर ऑफ ॲटर्नी, म्हणजे आपल्या वतीने निर्णय घ्यायचा अधिकार विश्वासातल्या माणसाला देणं! पैशाची एक, तब्येतीची एक, दोघांच्या मिळून चार. डोकं शाबूत आहे तोवरच करता येते. नंतर कोर्ट ऑफ प्रोटेक्शनच्या फेऱ्या आणि बिलं, मी बघितलंय जवळून.

हॅरोची_चाळ
आईला विचारलं काल. म्हणाली, "घर माझ्या नावावर आहे तोवर तुम्ही दोघं बेल वाजवून येता. तुमचं झालं की किल्लीने याल." बाबा समोरच होते, नुसता पेपर चाळत बसले. आता घर नावावर करणं बंद, विल आणि ट्रस्टचं बघतोय, भावाला डिपॉझिटला काहीतरी देऊ, किती ते बाबा ठरवतील. मला तेवढंच आत्ता नको, विलमध्ये मांडून घ्या म्हटलंय.

स्लाऊचा_सदू
ते विलमध्ये आकड्यासकट लिहून घ्या, नाहीतर वीस वर्षांनी भाऊ म्हणेल असं काही ठरलंच नव्हतं. मला अजूनही वाटतं की हे सगळं मध्यमवर्गाला लुटायचं यंत्र आहे. पण आमचे आईवडील सामाईक नावावरच आहेत, तर आकडेमोड्या, ते अर्धा-अर्धा करायला सॉलिसिटर साधारण किती घेतात?

आकडेमोड्या
हिस्से वेगळे करायचा लँड रजिस्ट्रीचा फॉर्म तुम्ही स्वतः भरू शकता, त्याला फी नाही. पैसे ट्रस्टवाल्या विलचे लागतात. दोन-तीन जणांकडून कोट घ्या आणि जो हॉटेलात फुकट सेमिनार आणि वर चहा-बिस्किटं देतो त्याच्याकडे जाऊ नका.