वारा कुठून कुठे, ते आधी बघा

कायोटीच्या (कोल्ह्यासारखा अमेरिकी रानटी प्राणी) शिकारीबद्दल कुणी म्हणतं की मोकळ्या माळावर कॉलरचा, म्हणजे प्राण्यांचे आवाज वाजवणाऱ्या यंत्राचा, आवाज मोठा ठेवला की त्या लांबून आणि सरळ त्याच रोखाने येतात. लांबून येतात, हे मान्य. पण त्या सरळ आवाजाच्या रोखाने येतात, हे पटत नाही. अमेरिकेतल्या व्हायोमिंग राज्यात सेजब्रशच्या झुडपांत मी मित्रासोबत बसतो (रायफल त्याची, दुर्बीण माझी). तिथे कायोटी बहुधा मोठा वळसा घालते आणि वारा जिकडे वाहतोय त्या बाजूने येऊन वास घेते. त्यामुळे कॉलर पायाशी ठेवण्यात अर्थ नाही. वारा आडवा, म्हणजे एका कुशीकडून दुसरीकडे जाईल असा घ्यायचा, कॉलर वारा येतो त्या बाजूला पन्नासेक यार्डांवर ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूला उघडं गवत राहील असं बसायचं. वळसा घेताना ती तिथे दिसते. आपला वास लागायच्या आत नेम धरावा लागतो. त्या बाजूला घळ असेल तर जागाच बदला, ती घळीतून येऊन परत गेलेली कळतही नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचा जोडी जमवण्याचा काळ असतो. तेव्हा जखमी सशाच्या किंकाळीपेक्षा कायोटीचीच एखादी साधी आरोळी जास्त चालते. व्हायोमिंगमध्ये कायोटीच्या शिकारीला परवाना लागत नाही, पण खाजगी रानात मालकाची परवानगी लागतेच.