मदत हवी आहे: अंगणातलं ल्युपिन रानातलं की बागेतलं?

नमस्कार मंडळी. मी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहते. घरामागे नुसती वाळू, ओकची चार झाडं आणि मधे भरपूर ऊन. इथल्या रानटी ल्युपिन या फुलझाडाला (लुपिनस पेरेनिस) अशीच जागा लागते: विरळ ओकची माळरानं, पाइनची रेताड रानं. त्यातली बरीच शेतीखाली गेली. उरलेल्यांत वणवे थांबले, झुडपं माजली, सावली दाटली आणि हे फूल मागे पडलं. कार्नर ब्लू या इवल्याशा निळ्या फुलपाखराच्या अळ्या फक्त याचीच पानं खातात. ते १९९२ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहे. म्हणून तर हा खटाटोप.

दोन वर्षांपूर्वी नर्सरीतून बी आणलं, पॉलिशपेपरवर घासलं, रात्रभर भिजवून पेरलं. यंदा पहिल्यांदा फुललं. सकाळी पंज्यासारख्या पानाच्या मधोमध दवाचा एकच टपोरा थेंब बसतो, बघतच राहावं!

पण एक ठोंब वेगळाच आहे. बाकीच्यांच्या पानाला आठ-नऊ पर्णिका (पंज्याची बोटं म्हणा), याला तेरा-चौदा. तुरा कमरेएवढा उंच. पश्चिमेकडचं बागेतलं ल्युपिन (लुपिनस पॉलिफायलस) तर नसेल? ते इथलं नाही, आणि पसरतं झपाट्याने.

नुसत्या पर्णिका मोजून खात्री धरावी का? की दोघांचा संकर असेल? सोटमूळ खोल, त्यामुळे हलवता येणार नाही. ठेवायचं किंवा उपटायचं. शेंगा भरायला लागल्यात. वाळल्या की तडकून बी लांब उडेल, त्याआधी ठरवायला हवं. कोणी ही दोन्ही शेजारी शेजारी पाहिली असतील तर कृपया सांगा.