‘चर्च मदर’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्नकर्ती
एका लेखाचं भाषांतर करतेय आणि पहिल्याच शब्दाला अडलेय: ‘मदर’. लेख लिझी रॉबिन्सन यांच्यावर आहे. जन्म १८६०, आर्कान्सा, गुलामीत. चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा सर्वांत मोठा पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या थेट अनुभवावर भर देणारा, पंथ. त्यातल्या स्त्रियांच्या सगळ्या कामाची सूत्रं १९११ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९४५ पर्यंत, यांच्या हाती होती. लेखात पानोपानी ‘मदर रॉबिन्सन’, ‘चर्च मदर’, ‘मदर्स बोर्ड’. पहिल्या खर्ड्यात मी ‘माता रॉबिन्सन’ लिहिलं. नवऱ्याने वाचून विचारलं, “ही कुठल्या गडावरची?” ‘आई रॉबिन्सन’ केलं तर कुणाच्या तरी आई वाटतात. मंडळीत, म्हणजे मराठी चर्चमध्ये, वाढलेल्यांनी सांगावं, आपल्याकडे या पदाला शब्द आहे का?

नगरकर
पद म्हणून नाही. माणूस म्हणून आहे. आमच्या मंडळीत एक आजी होत्या. उपवास-प्रार्थनेला सगळ्यांच्या आधी हजर, आजाऱ्याच्या घरी तेलाची छोटी बाटली घेऊन जाणार, नव्या पाळकाचा संदेश लांबला तर पहिल्या बाकावरून मोठ्याने ‘आमेन’ म्हणून त्याला थांबवणार. त्यांना सगळे नुसतं ‘आजी’ म्हणायचे. पण वडीलमंडळाच्या सभेत आजींना खुर्ची नव्हती. पाळक, पाळकीणबाई, वडील, सेविका, इतकीच नावं कागदावर. पूर्वी मिशनच्या पगारावर बायबलबाई असत, घरोघर जाऊन बायकांना वचन वाचून दाखवायच्या. तो शब्द इथे उसना घेऊ नका, ती नोकरी होती.

‘मंडळीची आई’ असं शब्दशः करता येईल, पण जुन्या माणसांसमोर वाचू नका. आमचे आजोबा बायकोला मंडळी म्हणायचे, ‘मंडळी माहेरी गेलीय’. त्यांच्या हिशेबाने मंडळीची आई म्हणजे सासू.

व्याकरणवेडा
अडचण शब्दात नाही, क्रियापदात आहे. ‘वडील म्हणाले’ आणि ‘आई म्हणाली’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. ‘वडील’ला आदरार्थी बहुवचन जन्मतःच चिकटलेलं आहे. आईशी आपण ‘तू’ने बोलतो, तिच्याबद्दल एकेरीत बोलतो, आणि त्यात अनादर नाही, उलट सगळी माया त्या एकेरीतच आहे. म्हणूनच घरातला शब्द कचेरीत नेला की तो मोडतो. ‘आई रॉबिन्सन म्हणाल्या’ हे वाक्य कानाला लंगडं लागतं आणि ‘आई रॉबिन्सन म्हणाली’ हे तुमच्या लेखाला चालणार नाही.

गंमत म्हणजे बायबलच्या मराठी भाषांतरकारांना ‘एल्डर’ला ‘वडील’ हा शब्द अगदी आयता मिळाला. वयाने मोठा, घरातला कर्ता आणि मंडळीचा अधिकारी, तिन्ही अर्थ एकाच शब्दात. त्याचं स्त्रीलिंग करायला जा, ‘वडीलधारी बाई’च्या पुढे गाडी जात नाही. या पंथात एल्डर आणि मदर ही जोडी आहे ना? मराठीत त्या जोडीचा एक पाय आधीपासून आहे, दुसरा नाही.

‘आईसाहेब’ने क्रियापद सुधारतं, पण मग जिजाऊ डोळ्यांसमोर येतात. आणि हल्ली ‘अहोआई’ही आहे, म्हणजे परत सासूच.

प्रश्नकर्ती
‘माता’ का नको ते मलाच आता नीट कळलं. नवऱ्याचा गड एक, आणि दुसरं म्हणजे सरकारी मराठी. ‘गरोदर व स्तनदा माता’, ‘माता-पालक संघ’. रॉबिन्सनबाईंना अंगणवाडीच्या रांगेत उभं केल्यासारखं वाटतं. ‘मदर्स बोर्ड’चं ‘मातृमंडळ’ केलं तर वाचक हळदीकुंकवाची वाट बघेल.

ओमाहावासी
मी नेब्रास्कात राहतो. तुमच्या लेखातल्या बाईंचं घर आमच्या गावात, कॉर्बी स्ट्रीटवर आहे. १९९३ पासून ते अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आहे. त्या आणि त्यांचे यजमान एडवर्ड रॉबिन्सन इथे आले आणि १९१६ मध्ये त्यांनी या पंथाची नेब्रास्कातली पहिली मंडळी सुरू केली. त्या मंडळीला आता त्यांचंच नाव आहे.

अशा चर्चमध्ये एकदोनदा गेलो आहे, तेव्हा डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. पुढच्या बाकांवर एका बाजूला म्हाताऱ्या बायका, प्रभुभोजनाच्या रविवारी नखशिखान्त पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर पांढरी टोपी. त्यांच्या जागेवर दुसरं कुणी बसत नाही. पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा मागणारी माणसं पुढे गुडघे टेकून तासन्‌तास थांबतात तेव्हा त्यांच्या कानाशी वाकून प्रार्थना करणाऱ्या, खांद्यावर हात ठेवून बसणाऱ्या याच. कुणाला कधी उठवायचं, कुणाला अजून थांबू द्यायचं, हे त्या ठरवतात, पास्टर नाही. त्यामुळे नगरकरांच्या आजी मला लगेच ओळखू आल्या. फरक इतकाच की इकडच्या आजींचं नाव कागदावर असतं.

आणि तो कागद आणला रॉबिन्सनबाईंनी. आर्कान्सातल्या डरमॉट गावी बॅप्टिस्टांची एक शाळा होती, तिथे त्या मेट्रन, म्हणजे मुलांची देखरेख करणाऱ्या बाई, होत्या. १९११ मध्ये पंथाचे संस्थापक बिशप चार्ल्स हॅरिसन मेसन तिथे आले. बाईंना आत्म्याचा बाप्तिस्मा मिळाला, बॅप्टिस्टांशी फाटलं, आणि मेसन यांनी त्यांना सगळ्या पंथातल्या स्त्रियांच्या कामाची प्रमुख नेमलं. गावोगावच्या मंडळ्यांत बायका आधीच जमत होत्या. काही नुसती प्रार्थना करायच्या, काही बायबल वाचायच्या. या बाईंनी दोन्ही गट एकत्र करून त्याला ‘प्रेयर अँड बायबल बँड’ नाव दिलं, जोडीला शिवणमंडळं काढली. (‘बँड’चं भाषांतर जपून करा, वरात निघेल.) पुढे प्रत्येक राज्याला बिशपच्या जोडीने एक मदर आली. ‘मदर’ म्हणजे वय नाही, नेमणूक. तुमच्या शब्दात हा अर्थ दिसला नाही तर तो शब्द कितीही गोड असो, चूक आहे.

अजून एक. ‘बाई रॉबिन्सन’ असं कुणी सुचवायच्या आत सांगतो. त्या काळी दक्षिणेतले गोरे लोक कृष्णवर्णीय बाईला ‘मिसेस’ म्हणत नसत. तरुण असेल तर नुसतं नाव, म्हातारी असेल तर ‘आंटी’. ऐकायला नात्याचं, पण खरं काम ‘मिसेस’ न म्हणण्याचं. ‘मदर’ ही पदवी त्याच गावात, रस्त्यापलीकडच्या चर्चमध्ये, त्याच बाईला मिळत होती. नात्याच्याच शब्दाने अपमान आणि नात्याच्याच शब्दाने मान.

व्याकरणवेडा
हे भारी आहे. आपल्या ‘बाई’चंही तेच. ‘रमाबाई’मध्ये मान, वर्गात ‘बाई आल्या’ म्हणताना मान, आणि ‘आज बाई आली नाही, भांडी पडलीत’ म्हणताना? क्रियापदच सांगतं: आल्या की आली.

शरणपूरकर
रमाबाईंचं नाव निघालंच आहे म्हणून थोडं आमच्या बाजूचं. पेंटेकॉस्टल चळवळीचा इतिहास सांगताना लॉस एंजेलिसमधल्या अझुसा स्ट्रीटवरच्या प्रार्थनासभांचं १९०६ साल सांगतात. मेसन त्याच ठिकाणी १९०७ मध्ये जाऊन आले. पण त्याच्याआधी, १९०५ च्या जूनमध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मुलींमध्ये जागृती झाली होती. रडणं, पापकबुली, रात्रभर प्रार्थना, पुढे अन्य भाषा, म्हणजे आत्म्याने भरून न शिकलेल्या भाषेत बोलणं. म्हणजे या विषयावर मराठीला शब्द परके असायचं कारण नाही. ‘आत्म्याचा बाप्तिस्मा’, ‘जागृती’, ‘साक्ष’, ‘अन्य भाषा’ हे आपल्याकडे शंभर वर्षं वापरातले शब्द आहेत. भाषांतरात हेच घ्या, ‘अनुभूती’ आणि ‘साक्षात्कार’ घालू नका. स्वतः रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी करत बसल्या होत्या, मरेपर्यंत, ते साध्या बायकांना कळावं म्हणून. संस्कृत त्यांना कमी येत होतं म्हणून नव्हे.

पण ‘मदर’ला तिथेही शब्द मिळत नाही, आणि मला वाटतं त्याचं कारण आहे. रमाबाईंना मानाचा शब्द वेगळ्या दारातून आला होता. ‘पंडिता’ ही पदवी कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये दिली, ख्रिस्ती होण्याच्या आधी, विद्वत्तेसाठी. रॉबिन्सनबाईंना तसं दार कुणी उघडणार नव्हतं. लहानपणी मिशनच्या शाळेत वाचायला शिकल्या आणि अक्षरओळख नसलेल्या आईला बायबल वाचून दाखवायच्या. मानाचा शब्द मंडळीनेच घडवायचा होता आणि घरात होता त्यातूनच घडवायचा होता.

बायबलचा आधार हवा असेल तर दोन जागा बघा. शास्ते ५:७, तिथे दबोरा स्वतःला इस्राएलातली माता म्हणवते, आणि ती न्याय करणारी होती, पाळणा हलवणारी नव्हे. दुसरी रोमकरांस १६:१३. पौल रूफाच्या आईला सलाम पाठवतो आणि म्हणतो, ती माझीही आई. पहिल्या ठिकाणी ‘माता’, दुसऱ्या ठिकाणी ‘आई’. अधिकार आला की माता, माया आली की आई, ही वाटणी आपल्या भाषांतरात मुरलेली आहे. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द आहे, म्हणून त्यांना ‘मदर’ एकाच वेळी दोन्ही अर्थांनी वापरता येतो.

नगरकर
मग ‘माउली’? ज्ञानोबांना चालतं, तर…

व्याकरणवेडा
ज्ञानोबांना चालतं म्हणूनच इथे चालत नाही. वाचकाचं मन थेट आळंदीला जाईल आणि परत येणार नाही. शिवाय ‘माउली’ला खातं सांभाळता येत नाही. ओमाहावासी म्हणतात त्याप्रमाणे या बाई नेमणुका करत होत्या, नियम घालत होत्या, पैसे उभे करत होत्या.

ओमाहावासी
पैशांचं बरोबर. मेम्फिसला पंथाचं मोठं सभागृह झालं, मेसन टेंपल, त्यासाठी बायकांकडून निधी जमवणाऱ्या याच. १९४५ च्या डिसेंबरमध्ये तिथल्या अधिवेशनाला गेल्या आणि तिथेच, मेम्फिसमध्ये, वारल्या. वय पंच्याऐंशी. त्याच सभागृहात ३ एप्रिल १९६८ च्या रात्री मार्टिन ल्यूथर किंग यांनी शेवटचं भाषण केलं. नियमांचं म्हणाल तर फार कडक. कपडे, दागिने, कशालाच सूट नाही. त्यांच्या मागून आलेल्या मदर लिलियन ब्रूक्स कॉफी यांनी कडकपणा बराच सैल केला आणि १९५१ मध्ये स्त्रियांचं स्वतंत्र अधिवेशन सुरू केलं. मला स्वतःला पहिल्या बाईंबद्दल आदर वाटतो, दुसऱ्या बाईंच्या हाताखाली काम करायला आवडलं असतं.

प्रश्नकर्ती
ठरवलं. नावाआधी ‘मदर’च ठेवते, ‘पास्टर’ ठेवतो तसं: ‘मदर रॉबिन्सन म्हणाल्या’. क्रियापद आपोआप सरळ झालं. मदर तेरेसांमुळे वाचक नन समजेल ही भीती आहे, म्हणून पहिल्याच परिच्छेदात तीन लग्नं आणि एक मुलगी सांगून टाकते. ‘चर्च मदर’ सामान्यनाम म्हणून आलं की पहिल्यांदा ‘मंडळीतली नेमलेली वडील स्त्री, जिला सगळे मदर म्हणतात’ असं लिहीन, नंतर नुसतं ‘मदर’. ‘मदर्स बोर्ड’ तसंच. आणि पंथातले लोक स्वतःला ‘सेंट्स’ म्हणतात, त्याला ‘संत’ नाही, ‘पवित्र जन’.

एकच शब्द राहिला. या पंथात तेव्हा बायकांना ‘प्रीच’ करायची मुभा नव्हती, ‘टीच’ करायची होती. पुरुष व्यासपीठावरून प्रीच करणार, मदर खाली उभी राहून टीच करणार. ऐकणाऱ्याला फरक कळत नसे, पण शब्द मात्र काटेकोर पाळत. आपण दोन्हीला ‘संदेश दिला’ म्हणतो. मग फरक दाखवायचा कसा?

नगरकर
आमच्या फलकावर पाळकाच्या नावापुढे ‘संदेश’ लिहितात. पाहुण्या बाई बोलणार असतील तर ‘साक्ष’. वेळ दोघांनाही चाळीस मिनिटं.

शरणपूरकर
‘साक्ष’ घेऊ नका, साक्षीत स्वतःचं सांगायचं असतं आणि मदर तर बायबल उलगडून सांगत होत्या. पुरुषाला ‘उपदेश केला’, मदरला ‘वचन शिकवलं’. आमच्या रविवारच्या शाळेतल्या बाई असंच म्हणायच्या, “मी फक्त वचन शिकवते.” त्यातल्या ‘फक्त’वर जोर असायचा.

प्रश्नकर्ती
‘वचन शिकवलं’ घेतलं. ‘फक्त’ही घेते, मूळ लेखात नसला तरी.