मत लिहून होतं, पण 'पोस्ट' दाबवत नाही: काय केल्याने फरक पडतो?

वेताळ टेकडीवरचा रस्ता, नदीकाठ प्रकल्प, मिरवणुकीतला आवाज, भटकी कुत्री, आरक्षण, भाषा. पुण्यात यातल्या प्रत्येक विषयाची नीट माहिती असलेली माणसं आहेत आणि त्यांतली बरीच समाजमाध्यमांवर गप्प आहेत. मजकूर तयार असतो, बोट बटणापर्यंत जातं आणि सगळं खोडलं जातं. या भीतीशी ज्यांचा कामानिमित्त संबंध येतो त्यांना लिहायची विनंती आहे. हकिगती नकोत, कृती हव्यात: काय करायचं, किती वेळा, आणि कुठे चुकतं.

समुपदेशक, कोथरूड

'भीती वाटते' एवढ्यावर थांबू नका. कागदावर वाक्य पूर्ण करा: 'मी हे लिहिलं तर अमुक माणूस तमुक करेल.' नाव आणि क्रियापद दोन्ही हवं. 'लोक काय म्हणतील' यातल्या लोकांची यादी करायला बसलं की सहसा तीन-चार नावं निघतात: सासरचे एक काका, ऑफिसातले वरिष्ठ, शाळेच्या ग्रुपमधला एक जण. काका रागावतील ही भीती आणि नोकरी जाईल ही भीती यांच्यावर एकच औषध चालत नाही. पहिलीवर सराव लागतो, दुसरीवर माहिती.

सराव शिडीसारखा करायचा. प्रत्येक कृतीला भीतीचे ० ते १०० गुण द्या. साधारण अशी शिडी बनते: दुसऱ्याच्या पोस्टखाली एका वाक्यात सहमती (३०), त्याच ठिकाणी सौम्य असहमती (४५), निवडक वीस जणांनाच दिसेल अशी स्वतःची पोस्ट (५५), सगळ्या मित्रयादीला दिसणारी (७०), सर्वांना खुली (९०). एका पायरीवर चार-पाच वेळा थांबा. गुण निम्म्यावर आले की पुढे जा.

चुकतं ते तीन ठिकाणी. लोक तिसरी आणि चौथी पायरी गाळून थेट खुली पोस्ट टाकतात. दुसरं, अर्ध्या तासात पोस्ट काढून टाकतात. त्या क्षणी सुटल्यासारखं वाटतं, पण मन शिकतं ते एवढंच की काढून टाकलं म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी भीती वाढलेली असते. तिसरं, दर दोन मिनिटांनी फोन बघणं किंवा चार मित्रांना 'बरोबर लिहिलंय ना?' विचारणं. पोस्ट टाकल्यावर फोन पाऊण तास दुसऱ्या खोलीत ठेवा आणि नंतर दिवसातून ठरलेल्या तीन वेळाच बघा.

आपलं मत अल्पमतात आहे असं वाटलं की माणसं गप्प बसतात आणि त्यामुळे ते मत आणखी अल्प दिसतं, ही मांडणी जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ मध्ये केली. प्यू रिसर्च या संशोधन संस्थेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतल्या पाहणीत सरकारी पाळतीच्या विषयावर समोरासमोर बोलायला ८६ टक्के लोक तयार होते, पण फेसबुक किंवा ट्विटर वापरणाऱ्यांपैकी तिथे लिहायला फक्त ४२ टक्के. म्हणून भिंतीवरची शांतता बघून 'सगळे विरुद्ध आहेत' असा निष्कर्ष काढू नका. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या प्रयोगांत गटातले बाकीचे मुद्दाम चुकीचं उत्तर देत; तिथे बरोबर उत्तर देणारा एक जरी सोबती असला तरी गटापुढे मान तुकवणं खूप कमी झालं होतं. पोस्टच्या आधी एका माणसाला सांगून ठेवा, 'मी लिहितोय, पटलं तर खाली लिही.' एक पुरतो.

धोका खरा असेल तर मात्र ही शिडी वापरू नका. ती फुगलेल्या भीतीसाठी आहे. खरा धोका कोणता ते वकिलांनी सांगावं.

निवृत्त उपसंपादक, सदाशिव पेठ

मजकूर पक्का असला की भीती आपोआप उतरते. निम्मी भीती आपल्याच वाक्यातल्या कच्च्या जागेची असते, आणि ती जागा आपल्याला मनातून माहीत असते.

एका पोस्टमध्ये एकच दावा. 'मंडळांना कायद्याची पर्वा नाही' हे वाक्य पाडायला सोपं आहे, कारण एक शिस्तीचं मंडळ दाखवलं की संपलं. त्याऐवजी: 'रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. काल संध्याकाळी आठ वाजता आमच्या चौकात मोबाइलच्या ॲपवर ९५ दिसले.' ॲप म्हणजे प्रमाणित यंत्र नव्हे, हेही तिथेच लिहा. नाही लिहिलंत तर पहिली प्रतिक्रिया त्यावरच येईल आणि चर्चा आवाजावरून ॲपवर जाईल.

मग मजकुरातून 'सगळे', 'नेहमी', 'ही माणसं', 'यांना' हे शब्द शोधून खोडून टाका. समूहाचं नाव कर्त्याच्या जागी असेल तर तिथे नेमकी कृती करणारा कर्ता आणा. उपरोध नको. आवाजातला चढउतार कागदावर उतरत नाही आणि स्क्रीनशॉटमध्ये तर मुळीच नाही. प्रत्येक वाक्य एकटं कापून फिरवलं तरी अर्थ उलटणार नाही, ही कसोटी लावा. 'काही जण म्हणतात टेकडी गेली तरी चालेल, मला ते पटत नाही' यातला पहिला अर्धा भाग तेवढाच कापून फिरवला की तुम्ही टेकडीच्या विरोधात. ते असं लिहा: 'टेकडी गेली तर चालणार नाही, असं माझं मत आहे.'

दीडशे शब्द पुष्कळ झाले. रात्री लिहा, सकाळी मोठ्याने वाचा, मगच टाका. रात्री अकरानंतरचा मजकूर तसाच टाकू नये, मग तो कितीही चांगला वाटो.

वकील, शिवाजीनगर

आधी एक गैरसमज. 'कोणाला त्रास झाला म्हणून' पोस्टवर गुन्हा लावणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात रद्द केलं. त्या याचिकेमागचं निमित्त आपल्याच राज्यातलं होतं, पालघरमध्ये २०१२ साली दोन तरुणींना फेसबुक पोस्टवरून झालेली अटक. आजही कोणी त्या कलमाची धमकी दिली तर ते कलम अस्तित्वात नाही, हे शांतपणे सांगा.

जे लागू आहे ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे. कलम १९६ (गटांमध्ये वैर वाढवणं), २९९ (धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणं), ३५३ (अफवा, चिथावणी), ३५६ (बदनामी). पहिल्या तिन्हींचा गाभा हेतू आणि परिणाम यांत आहे. धोरणावर, निर्णयावर, प्रथेवर टीका एका बाजूला. 'अमुक समाजाला धडा शिकवा' दुसऱ्या बाजूला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकांवर अनुच्छेद ३७० बद्दलच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरून दाखल झालेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२४ रोजी रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे आणि शब्दांचा परिणाम विवेकी माणसाच्या नजरेने मोजायचा, कमकुवत मनाच्या माणसाच्या नव्हे, हे त्यात स्पष्ट आहे.

बदनामीत लोक फसतात ते 'खरं आहे म्हणून चालेल' या समजात. फौजदारी बदनामीत खरेपणासोबत लोकहितही दाखवावं लागतं. नगरसेवकाच्या सार्वजनिक कामावर सद्भावनेने मत देणं अपवादात बसतं. 'यानेच पैसे खाल्ले' हे मत नाही, ते वस्तुस्थितीचं विधान आहे, त्याला कागद लागतो. टेंडरची तारीख आणि रक्कम लिहा, निष्कर्ष वाचकावर सोडा.

दुसऱ्याची पोस्ट पुढे पाठवली म्हणजे जबाबदारी त्याचीच, असं धरून चालू नका.

तक्रार झालीच तर: तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १७३(३) खाली आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, आणि अभिव्यक्तीच्या प्रकरणांत पोलिसांनी हा मार्ग वापरावा असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेत अटक आपोआप होत नाही. त्याच संहितेच्या कलम ३५(३) ची, हजर राहायला सांगणारी नोटीस येते. ती व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही. फोनवर 'लगेच या' म्हटलं तर लेखी नोटीस मागा आणि वकिलासोबत जा. हे कागदावरचं आहे, ठाण्यात प्रत्येक वेळी असंच घडेल याची हमी नाही, म्हणून एका फौजदारी वकिलाचा नंबर आधीच घेऊन ठेवा. आणि घाबरून पोस्ट पुसू नका. आधी पूर्ण प्रत काढा, मग विचारून ठरवा.

धागाकर्ती

व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनवर दुसऱ्याच्या संदेशाची जबाबदारी येते का? त्या भीतीने अनेक जण ग्रुपमध्ये राजकारण बंद, धर्म बंद असे फलक लावतात.

वकील, शिवाजीनगर

केवळ ॲडमिन आहे म्हणून नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल आहे. समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसलं तर गोष्ट वेगळी.

टेकडी-नदी विषयावरचं पान सांभाळणारा, एरंडवणे

लोक मजकुरावर तीन दिवस घालवतात आणि सेटिंगवर तीन सेकंद. क्रम उलटा हवा.

टाकण्याआधी: दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. मित्रयादीतून फोन नंबर, सोसायटीचं नाव, मुलांच्या शाळेचे गणवेशातले फोटो दिसतात का, ते दुसऱ्याच्या फोनवरून बघा. फेसबुकवर जुन्या पोस्ट एकदम 'फक्त मित्रांना' करण्याची सोय आहे, ती वापरा, कारण वाद पेटला की लोक तुमच्या दहा वर्षांपूर्वीच्या भिंतीवर जातात. प्रोफाइल लॉक केलेलं असेल तर सार्वजनिक पोस्ट टाकता येत नाही, तेव्हा आधी ठरवा. प्रतिक्रिया कोण देऊ शकेल हे पोस्टगणिक बदलता येतं. पहिल्या खुल्या पोस्टला 'फक्त मित्र' ठेवा. एक्सवर उत्तरं फक्त तुम्ही अनुसरता त्या खात्यांपुरती ठेवता येतात. इन्स्टाग्रामवर नको असलेल्या शब्दांची यादी भरता येते. तिथे मराठी शिव्या देवनागरीत आणि इंग्रजी लिपीत, दोन्हीकडून भरा. एकच भरली की दुसरीतून येतात.

टाकल्यानंतरचा पहिला तास घरी असाल असाच निवडा. मेट्रोत किंवा मीटिंगच्या दारात टाकू नका. प्रतिक्रियांचे तीन ढीग करा. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर, चूक दाखवणाऱ्याला आभार आणि दुरुस्ती, शिवी देणाऱ्याला काही नाही. एका माणसाला जास्तीत जास्त दोन उत्तरं. तिसऱ्यानंतर वाचणाऱ्यांना मुद्दा दिसेनासा होतो आणि फक्त भांडण दिसतं. फेसबुकवर प्रतिक्रिया 'लपवली' तर ती लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसत राहते, त्यामुळे चिडून नवीन लाट येत नाही. थेट ब्लॉक केलं की त्याचा स्क्रीनशॉट फिरतो. धमकी असेल तर मात्र नोंद करून ब्लॉकच.

दुरुस्ती करताना जुनं वाक्य गुपचूप बदलू नका. खाली 'दुरुस्ती' असा शब्द, वेळ आणि काय बदललं ते लिहा. बदलाचा इतिहास तसाही दिसतो.

मनुष्यबळ विभाग, हिंजवडी

नेमणूकपत्रासोबत आलेलं समाजमाध्यम धोरण काढून वाचा, बहुतेकांनी ते सहीपुरतंच पाहिलेलं असतं. अडचण येते ती सहसा मतामुळे नाही. प्रोफाइलमध्ये कंपनीचं नाव, फोटोत गळ्यातलं ओळखपत्र, ग्राहकाचा उल्लेख किंवा ऑफिसच्या लॅपटॉपवरून कामाच्या वेळेत टाकलेली पोस्ट यांमुळे येते. 'मतं वैयक्तिक' ही ओळ लावा, पण वर कंपनीचं बोधचिन्ह असेल तर तिचा उपयोग नाही. लिंक्डइनवर शहराचे वाद नेऊ नका.

सरकारी सेवेतल्यांचं गणित वेगळं आहे. राज्य कर्मचाऱ्यांसाठीचे १९७९ चे वर्तणूक नियम शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करायला अटकाव करतात. त्यांनी विषय स्वतःच्या खात्याबाहेरचा असला तरी आधी नियम वाचावेत.

सोसायटी सचिव, सिंहगड रस्ता

सगळ्यात जास्त भीती अनोळखी लोकांची नसते, लिफ्टमध्ये रोज भेटणाऱ्यांची असते. कुत्र्यांना खायला घालणं, पुनर्विकास, पार्किंग. इथे ग्रुपवर पहिलं मत टाकू नका. ज्यांच्या विरुद्ध ते जाणार आहे त्यांना आधी प्रत्यक्ष भेटा: 'दादा, मी उद्या ग्रुपवर असं असं लिहिणार आहे, तुमचं काही राहत असेल तर सांगा.' मग लिहा. संदेश पंधरा मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, तेवढ्यात एकदा वाचून घ्या. व्हॉइस नोट नको, ती कापून पुढे जाते. फ्लॅट नंबर घेऊन बोलू नका.

ऑनलाइन छळाच्या तक्रारींना मदत करणारी, औंध

बायकांच्या पोस्टखाली येतं ते वेगळं असतं. मुद्दा बाजूला राहतो आणि शरीर, नवरा, मुलं यांवर येतं. ही भीती मनातली नाही, तिला सरावाची नाही, तयारीची गरज आहे.

स्क्रीनशॉट असा घ्या की त्यात खात्याचं नाव, तारीख-वेळ आणि यूआरएल दिसेल. नुसता कापलेला मजकूर उपयोगाचा नाही. नाव बदलता येतं, म्हणून प्रोफाइलची लिंक वेगळी उतरवून ठेवा. मूळ फोन विकू किंवा रीसेट करू नका, न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि ते मूळ उपकरणाशी जोडलेलं असतं. हे आधी, ब्लॉक नंतर. मग त्या समाजमाध्यमाकडे तक्रार. २४ तासांत पोच मिळायला हवी, निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत तक्रार अपील समितीकडे जाता येतं. सोबत राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करा. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. घराबाहेर कोणी आलं तर ११२. पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही दोन वेगळी पोलीस आयुक्तालयं आहेत, पण हद्दीचं कारण देऊन परत पाठवलं तर शून्य क्रमांकाने (हद्द न बघता) गुन्हा नोंदवायची मागणी करा.

पहिले दोन दिवस प्रतिक्रिया स्वतः वाचू नका. विश्वासातल्या व्यक्तीला फोन द्या, तिने धमक्या तेवढ्या वेगळ्या काढाव्यात.

वाचक, हडपसर

एक गोष्ट राहिली. जून २०१४ मध्ये इथे आक्षेपार्ह चित्रांच्या पोस्टवरून तणाव झाला आणि त्या पोस्टशी काहीही संबंध नसलेला एक तरुण मारला गेला. म्हणून शहर तापलेलं असताना धर्म-जातीच्या विषयावर मत असेल तर ते लिहून ठेवा आणि आठ-दहा दिवसांनी टाका. मत तेच राहतं. त्या आठवड्यात फक्त खात्रीची माहिती द्या: कोणता रस्ता सुरू आहे, कोणती अफवा खोटी आहे आणि ती खोटी असल्याचं पोलिसांनी कुठे सांगितलं आहे.