लायटरमधला ‘खडा’, चकमक आणि सिरियम

— लायटरच्या चाकाखाली जो बारीक करडा तुकडा असतो, त्याला कुणी खडा म्हणतं, कुणी गारगोटी. पण तो तर चक्क धातूचा दिसतो. मग नेमका शब्द कोणता?

— धातूच आहे. त्यात मुख्य सिरियम, जोडीला लँथॅनमसारखी त्याची भावंडं आणि लोखंड. या मिश्रधातूचं नाव फेरोसिरियम. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फोन वेल्सबाख यांनी १९०३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. नुसतं सिरियम मऊ असतं, सुरीने कापता येतं. लोखंड मिसळलं की ते कडक आणि ठिसूळ होतं. चाक फिरलं की त्याचा बारीक कीस निघतो, घर्षणाने तापतो आणि हवेतच पेट घेतो. ठिणगी म्हणजे हा जळता कीस.

— यात खरी गंमत चकमकीची आहे. जुन्या चकमकीत गार, म्हणजे गारगोटीचा दगड, पोलादावर घासली की पोलादाचे कण सुटून पेटायचे. गार फक्त खरवडायची, जळायचं ते लोखंड. लायटरमध्ये पोलादी चाक खरवडतं आणि ‘खडा’ जळतो. म्हणजे आपण ज्याला गारगोटी म्हणतो, तो काम पोलादाचं करतोय! शिवाय ‘चकमक’ हा शब्द मूळचा तुर्की. तिथे ‘चाकमाक’ म्हणजे आजही लायटरच.

— म्हणून बोलताना ‘खडा’ खुशाल म्हणा, सगळ्यांना कळतं. ‘गारगोटी’ मात्र टाळावं. लेखात फेरोसिरियम.

— सिरियमला ‘दुर्मिळ मृदा’ म्हणतात, तेही पटत नाही. पृथ्वीच्या कवचात ते साधारण तांब्याइतकं आहे.

— ‘मृदा’ हे त्या काळच्या रसायनशास्त्रातलं. तापवून न वितळणाऱ्या, पाण्यात न विरघळणाऱ्या ऑक्साइडांना तेव्हा माती म्हणत. सिरियमही १८०३ मध्ये स्वीडनच्या खनिजात ऑक्साइडच्याच रूपात सापडलं. नाव मिळालं दोनच वर्षं आधी दिसलेल्या सिरीस या लघुग्रहावरून. ‘दुर्मिळ’ची अडचण निराळी: सिरियम आणि त्याची ही सगळी भावंडं मूलद्रव्यं गुणधर्मांनी इतकी सारखी की एकाच खनिजात गुंतून बसतात आणि वेगळी करता करता नाकी नऊ येतात. त्यातल्या त्यात सिरियम सोपं, कारण बाकीची सहसा तीन संयुजेवरच राहतात, ते मात्र चार संयुजेच्या रूपात (म्हणजे एक इलेक्ट्रॉन जास्त देऊन) जाऊ शकतं आणि वेगळं पडतं. हाच गुण गाड्यांच्या धुरावर काम करणाऱ्या उत्प्रेरकात कामी येतो. सिरियम ऑक्साइड गरजेप्रमाणे ऑक्सिजन घेतं आणि सोडतं. काच घासून चकचकीत करायलाही हीच पूड वापरतात.

— आणि गॅसच्या शेगडीचा खटकन वाजणारा लायटर?

— तो यातला नव्हे. त्यात दाबविद्युत, म्हणजे दाब पडला की वीज देणाऱ्या, स्फटिकावर छोटी हातोडी आपटते. ठिणगी विजेची, जळणारा कीस नाही. तिथे ‘खडा’ शोधू नका.