दुसऱ्या भागातल्या सरपंचबाई

माजी सरपंच, खानापूर तालुका
विट्याला लेकीकडं एका कौटुंबिक विनोदी सिनेमाचा दुसरा भाग बघितला. नाव सांगत नाही, चाहते अंगावर यायचे. पहिल्या भागात सरपंच मिशीवाला होता. आता आरक्षण पडलंय म्हणून खुर्चीत त्याची बायको. इथवर बरं वाटलं. पण बाईंना काम काय, तर "ह्यांना विचारून सांगते" म्हणायचं आणि नवऱ्यानं बोट ठेवलं तिथं सही करायची. दर वेळी हशा. जावई तर हसून हसून लोळत होते.

मी स्वतः एक टर्म सरपंच होते. वित्त आयोगाचा पैसा काढायला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते. ती सही ज्यात असते तो पेनड्राइव्हसारखा डोंगल माझ्या पर्समध्ये असायचा, कुंकवाच्या डबीशेजारी. आमच्या ह्यांनी एकदा मागितला, "तुला कशाला हेलपाटा" म्हणून. दिला नाही. त्यावरून घरात जे रामायण झालं, त्यात सिनेमाभर हसायला येईल. लिहिणाऱ्यांना हे का सुचत नाही?

कराडकर
ताई, राग मानू नका. २०११ पासून निम्म्या जागा बायकांना आहेत, पण आमच्या सरपंचबाईंचा आवाज मी अजून ऐकलेला नाही. मासिक सभेला त्यांचे मालक बसतात, प्रोसिडिंगवर, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, सही बाईंची. सिनेमावाल्यानं खोटं काय दाखवलं?

जतचा पाव्हणा
आमची तक्रार वेगळीच. जतकडच्या बोलीत कानडी हेल असतो. सिनेमात मात्र सांगली-सातारा म्हटलं की सगळे एकाच "काय रं भावा"त बोलतात, ते पण गुंड नाहीतर गडी असले तरच. हिरो कायम पुण्याचा.

हौशी रंगकर्मी, सातारा
वाई-मेणवलीला शूटिंग लागलं की गर्दीला आमची माणसं, संवादाला मुंबईची. आणखी एक बघा: घरमालकाला आडनाव असतं, सरपंचाला असतं, घरगड्याला नसतं. दोन भाग झाले तरी तो नुसता "नाम्या". आडनाव दिलं की जात सांगावी लागते, मग सगळ्या कुटुंबानं मिळून हसायची पंचाईत.

माजी सरपंच, खानापूर तालुका
रंगकर्मी, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पटलं.

कराडकर, मालक सभेला बसतात हे खरंय. पण तो मिशीवाला तरी कुठं स्वतःच्या मनानं चालत होता? कारखान्याच्या चेअरमनचा फोन आल्याशिवाय गटाराचा ठराव करत नव्हता. त्याला कुणी बाहुली म्हणालं नाही, मुरलेला राजकारणी म्हणाले. आणि ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, ती एकदा दाखवा की पडद्यावर. आमच्यात दारूबंदीचा विषय निघाला, तर निम्मे नवरे खिडकीला कान लावून होते, आत कुणाची बायको काय बोलते ते ऐकायला.

पुढच्या सभेला बाईंना बोलवा आणि मालकांकडं न बघता त्यांनाच प्रश्न विचारा.

कराडकर
विचारतो. पण अडचण अशी की मालक माझे सख्खे मावसभाऊ आहेत.