मदत हवी आहे: डॉक्टर म्हणतात भराभर चाला, योगाच्या बाई म्हणतात सावकाश. बेळगावात कुठे आणि कसं चालू?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावची, टिळकवाडीत राहते. वय पन्नाशीच्या पुढे. रक्तदाबाची गोळी चालू आहे. सकाळी घरीच आसनं आणि अनुलोम-विलोम करते. त्यानं पाठ मोकळी झाली, पण झोप अजून तुटकच लागते. गोळी सोडायचा विचार अजिबात नाही. तिच्या जोडीला काय करता येईल एवढंच विचारते आहे.

डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, तेही दम वाढेल असं. योगाच्या बाई म्हणतात, हळू चाला, पावलाकडे लक्ष द्या, झाडं बघा, पाखरं ऐका. मला दोघांचंही पटतं आणि तिथंच अडतं. भराभर चालले की डोक्यात घरच्या कामांची रांग लागते. सावकाश चालले की मन खरंच निवतं, पण त्याला व्यायाम म्हणायचं का?

दुसरी अडचण जागेची. व्हॅक्सिन डेपोच्या आवारातली जुनी झाडं हे आमच्या भागाचं भाग्य आहे. पण तिथं सगळी ओळखीची माणसं. न बोलता पुढं गेलं तर "रागावलीस काय गं?" म्हणून विचारतात. येळ्ळूरच्या बाजूला राजहंसगडाकडे शिवारातून वाटा आहेत. भातकापणी झाल्यावर तिथं फार मोकळं वाटतं. बाईमाणसानं एकटीनं जावं का? कुत्र्यांचं काय करायचं? माहेर जांबोटीकडचं, तिथं रान दाराशीच आहे, पण भाऊ पहाटे बाहेर पडू देत नाही.

आणि एक. सासूबाईंना साखर आहे. त्यांना कुणीतरी दवात अनवाणी चालायला सांगितलंय. चालेल का? अनुभव असलेल्यांनी सांगा की.

प्रतिसाद: मार्कंडेयकाठ

ताई, दोन्ही करा, पण एकाच वेळी नको. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही. तेवढं डेपोत भराभर चाला. शेवटची दहा-पंधरा मिनिटं वेग सोडा आणि ती लक्ष ठेवून चाला. सावकाश चालणं त्या १५० मिनिटांत धरू नका. त्याचं काम वेगळं आहे.

पद्धत म्हणाल तर ब्रह्मदेशातले बौद्ध भिक्खू महासी सयादो यांच्या परंपरेत चंक्रमण, म्हणजे चालता चालता करायचं ध्यान, शिकवतात: पाऊल उचललं, पुढं नेलं, टेकवलं, एवढंच बघायचं. त्याला पंधरा-वीस पावलांची सपाट जागा पुरते, जायचं नि वळून यायचं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे बाहेर पडणं मुश्किल, तेव्हा गच्चीखालचा व्हरांडा किंवा पडवीसुद्धा चालते. रस्त्यावर मात्र हे करू नका, गाड्यांकडे लक्ष राहत नाही. व्हिएतनामचे बौद्ध भिक्खू तिक न्यात हान्ह पावलं श्वासाबरोबर मोजायला सांगत. श्वास आत घेताना किती पावलं पडतात ते बघायचं, ओढूनताणून जुळवायचं नाही. तुम्ही अनुलोम-विलोम करता म्हणून मुद्दाम सांगतो, चालताना श्वास रोखून धरू नका, रक्तदाब असताना तर नाहीच.

मन पळालं की कानाकडे या. बुलबुल, वारा, लांबचा रेल्वेचा आवाज, जे असेल ते. पुन्हा पळेल, पुन्हा या. जपानच्या वनखात्यानं १९८२ साली 'शिनरिन-योकू' (वनस्नान) म्हणून लोकांना रानात जायला सांगितलं, त्यातही अंतर कापायचं नसतं.

सासूबाईंना अनवाणी पाठवू नका, ही माझी कळकळीची विनंती. साखरेनं तळपायाची संवेदना कमी झाली असेल तर काटा रुतलेला कळत नाही आणि जखम चिघळते. बंद, पायाला नीट बसणारे बूट घालू द्या आणि घरी आल्यावर तळवे बघा. त्यांना जेवणानंतरची शतपावली जास्त उपयोगाची, साखर एकदम चढत नाही.

प्रतिसाद: खानापूरकर

भावाचं ऐका. जांबोटी-कणकुंबी भागात गवे आहेत, अस्वलं आहेत, आणि ती पहाटे नि तिन्हीसांजेला जास्त हलतात. ऊन चांगलं वर आल्यावर गावालगतच्या वाटेनं, कुणाला तरी घेऊन जा. हळू आणि गप्प चालणाऱ्या माणसाची चाहूल जनावराला लागत नाही, म्हणून रानात बोलत चाललेलंच बरं. त्याच बाजूचं भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे, तिथं वनखात्याला विचारल्याशिवाय शिरू नका. पावसाळ्यात जळवा असतात. उन्हाळ्याच्या तोंडाला गोचीड होतात, आणि माकडताप त्यांच्यामुळेच पसरतो. २०१६ साली शेजारच्या दोडामार्गात त्याची साथ आली होती. पूर्ण बाह्या, पायमोजे घाला, घरी आलात की अंघोळ करा.

येळ्ळूरच्या शिवारात दोघी-तिघींनी जा, हातात काठी असू द्या. कुत्रं अंगावर आलं तर पळू नका. थंडीत धुकं जाईपर्यंत थांबा, गारठ्यात रक्तदाब चढतो.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. सासूबाईंना आजच सांगितलं, त्यांनी ऐकलंय. डेपोत भराभर, आणि शेवटी मागच्या बाजूला सावकाश, असं ठरवते. मैत्रिणींनाही सांगेन की तेवढा वेळ बोलणार नाही, वाईट वाटून घेऊ नका.

येळ्ळूरच्या वाटेला सोबत हवी आहे. टिळकवाडी, अनगोळ, वडगाव भागातल्या कुणा बायकांना रविवारी सकाळी यायचं असेल तर इथंच कळवा. जाताना गप्प चालायचं, बोलायचं ते परतताना.